पांगले ते दुसरेच

येशूच्या स्वर्गारोहणाचा सण जवळ आला की एक वाद ठरल्यासारखा डोके वर काढतो. यंदा तो एका व्याख्यानानंतर चहाच्या टेबलाभोवती निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "ख्रिस्ती धर्म येशूने काढलाच नाही, पौलाने काढला. येशूचे ते बारा शिष्य म्हणजे गालीलचे कोळी. त्यांना काय कळत होतं?" दुसरे उसळले. "त्या कोळ्यांनीच जग पालथं घातलं, आणि एकेकाने त्यासाठी रक्त सांडलं." मग तासभर पेत्र विरुद्ध पौल, म्हणजे बारांचा म्होरक्या विरुद्ध बारांबाहेरचा, मागाहून आलेला प्रचारक, असा सामना रंगला. चहा निवला, बिस्किटे संपली, वाद होता तिथेच राहिला.

राहणारच होता, कारण दोघांची चूक एकच आहे. दोघांनाही संस्थापक हवा आहे. एकाला एकटा, दुसऱ्याला बाराच्या बारा. कुणीतरी योजना आखली, कुणीतरी मोहीम काढली आणि म्हणून धर्म पसरला, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. येशूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषितांनी केलेले सर्वांत मोठे काम धर्मप्रसाराचे नव्हतेच. पाहिलेल्या-ऐकलेल्याची साक्ष राखणे हे त्यांचे काम होते. आणि दुसऱ्या कुणी, बहुतेक वेळा ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत अशा माणसांनी, जी दारे उघडली ती कुरकुरत का होईना उघडी राहू देणे, हे त्याहून अवघड काम होते.

'प्रेषित' या शब्दातच मोठी गंमत आहे. मूळ ग्रीक 'अपोस्तोलोस', म्हणजे पाठवलेला. पण लुकाने लिहिलेले, नव्या करारातले 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडून पाहा. जैतुनांच्या डोंगरावर येशू दृष्टीआड होतो, अकरा जण वर बघत उभे राहतात, आणि शुभ्र कपड्यांतले दोघे त्यांना विचारतात, गालीलकरांनो, आकाशाकडे काय पाहत बसलात? यानंतर एखाद्या मोहिमेच्या कथेत काय घडले असते? नकाशा उलगडला असता, दिशा वाटून घेतल्या असत्या. इथे ते शब्बाथ दिवशी चालायला परवानगी असते तेवढे, जेमतेम किलोमीटरभर, अंतर चालून यरुशलेमात परत येतात आणि माडीवरच्या खोलीत प्रार्थनेला बसतात. पहिला निर्णय घेतात तो जागा भरण्याचा. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत गेला, बाराचे अकरा झाले. सुमारे 120 जणांसमोर पेत्र अट सांगतो: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत जो आमच्या सोबत वावरला, त्याच्यातूनच कुणीतरी पुनरुत्थानाचा साक्षीदार व्हावा. वक्तृत्व, विद्वत्ता, प्रवासाची तयारी यांतले काहीही विचारलेले नाही. दोन नावे पुढे येतात, चिठ्ठ्या टाकल्या जातात, मत्थिया निवडला जातो. आणि त्यानंतर हा मत्थिया त्या ग्रंथात पुन्हा एकदाही दिसत नाही.

हे वाचून प्रेषितपद म्हणजे गादी होती, असे कुणाला वाटेल. म्हणून पुढचा प्रसंग महत्त्वाचा. राजा हेरोद अग्रिप्पा जब्दीचा मुलगा याकोब याला तलवारीने मारतो. अग्रिप्पा इसवी सन 44 मध्ये मेला, म्हणजे घटना त्याच सुमाराची. बारांपैकी एक पुन्हा कमी झाला. या वेळी मात्र जागा भरली जात नाही. सभा नाही, चिठ्ठ्या नाहीत, एका वाक्यात मृत्यू उरकला जातो. का? माझ्या मते कारण सरळ आहे. यहूदाची जागा रिकामी झाली ती त्याने साक्ष टाकली म्हणून. याकोबाने ती टाकली नव्हती. मेला तरी तो साक्षीदारच राहिला. त्याची खुर्ची रिकामी झालीच नव्हती, कारण मुळात ती खुर्ची नव्हतीच.

आता प्रसाराकडे येऊ. स्तेफन या शिष्याला दगडमार झाल्यावर यरुशलेमात मोठा छळ उसळला, आणि लूक एक वाक्य लिहून जातो जे वर्षानुवर्षे वाचूनही आपल्या डोळ्यांखालून निसटते: प्रेषितांखेरीज सगळ्यांची यहूदिया आणि शोमरोन प्रांतांत पांगापांग झाली. प्रेषितांखेरीज! ज्यांचे नावच 'पाठवलेले', ते राहिले. ज्यांना कुणी पाठवले नव्हते ते गेले. शोमरोनात वचन नेले ते फिलिप्पाने, आणि हा फिलिप्प बारांमधला नव्हे. विधवांच्या जेवणाच्या वाटपावरून भांडण झाले तेव्हा पंगतीची व्यवस्था पाहायला जे सात जण नेमले, त्यांतला तो. वाढपी म्हणून नेमलेला माणूस पहिला मोठा प्रचारक झाला. पेत्र आणि योहान तिथे नंतर पोचतात, झाले ते पाहायला. सिरियातल्या अंत्युखियात तर त्याहून मोठी गोष्ट घडली. कुप्र आणि कुरेने इथल्या काही जणांनी थेट ग्रीक लोकांनाच येशूबद्दल सांगायला सुरुवात केली. ख्रिस्ती इतिहासातली ही बहुधा सर्वांत मोठी उडी, आणि ती घेणारे कोण? 'काही जण'. त्यांची नावे लुकाला ठाऊक नव्हती किंवा त्याने दिली नाहीत. यरुशलेमला बातमी कळली तेव्हा त्यांनी बर्णबाला पाठवले. त्याने पाहिले, त्याला आनंद झाला. 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा पडले ते याच शहरात.

मग बारा जण यरुशलेमात बसून काय करत होते? याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. पण बारा हा आकडा इस्राएलच्या बारा वंशांचा आहे. नव्या इस्राएलची खूण म्हणून ते मंदिराच्या नगरीत थांबले होते, रोज मंदिरात जात होते, सांगत होते. निरक्षर, सामान्य माणसे असा शेरा सन्हेद्रिनने, म्हणजे यहुद्यांच्या धर्मसभेने, पेत्र-योहानावर मारला, तो लुकाने लपवलेला नाही. अशा माणसांकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट असते: आम्ही पाहिले. ती सांगायला त्यांना जग फिरायची गरज नव्हती. जग सणाला यरुशलेमात येतच होते.

पौलवाद्यांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. नव्या करारातल्या 27 पुस्तकांपैकी 13 पत्रांवर पौलाचे नाव आहे. त्यांतली 7 तरी नक्की त्याच्या हातची, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ख्रिस्ती लेखनातले सर्वांत जुने जे हाती आहे ते हेच. 'कृत्ये'चा उत्तरार्ध जवळजवळ पौलाचे प्रवासवर्णन आहे. बारांपैकी नऊ जणांचे नाव पहिल्या अध्यायानंतर स्वतंत्रपणे येतच नाही. एवढा पुरावा असताना पौलाला संस्थापक का म्हणू नये?

कारण खुद्द पौल म्हणू देत नाही. गलतीकरांना लिहिताना तो ताठ मानेने सांगतो की माझी सुवार्ता मला माणसांकडून मिळालेली नाही, आणि त्याच पत्रात, जरा पुढे, कबूल करतो की तीन वर्षांनी मी केफाला भेटायला यरुशलेमला गेलो आणि त्याच्याकडे 15 दिवस राहिलो. केफा म्हणजे पेत्र. 15 दिवस एका घरात राहून हे दोघे हवापाण्याच्या गप्पा मारत होते काय? करिंथकरांना तो लिहितो की जे मला मिळाले तेच मी तुम्हांला दिले, आणि पुढे साक्षीदारांची यादी देतो: केफा, मग बारा, मग पाचशेंहून अधिक, मग येशूचा भाऊ याकोब. स्वतःला तो शेवटी ठेवतो. आणि पैशांचे काय? मासेदोनिया आणि अखया या ग्रीक प्रांतांत वर्गणी गोळा करून ती यरुशलेमच्या गरिबांना पोचवायला तो स्वतः निघाला, जिवाला धोका आहे हे ठाऊक असताना. तिथेच पकडला गेला आणि बेड्यांतच रोमला गेला. वेगळे दुकान थाटलेला माणूस जुन्या पेढीवर अशी रक्कम भरायला जीव धोक्यात घालून जात नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे माझ्या अधिक जिव्हाळ्याचे आहे, कारण लहानपणी चर्चच्या भिंतीवर मी तेच पाहत आलो. बारा पुतळे, प्रत्येकाच्या हातात आपापल्या मरणाचे हत्यार: बर्थलमयाच्या हाती सुरी, अंद्रियाच्या पाठीशी तिरपा क्रूस, थोमाजवळ भाला. ते पाहूनच आम्ही त्यांना ओळखायचो. पेत्राच्या हातात तेवढ्या किल्ल्या, म्हणून तो आम्हांला सुटलेला वाटायचा. परंपरा अशी खोटी ठरवून टाकायची घाई मी करणार नाही. थोमा 52 साली हिंदुस्थानात आला, ही केरळच्या ख्रिस्ती समाजाची आठवण आहे. त्या काळी मोसमी वाऱ्यांवर रोमन जहाजे केरळातल्या मुझिरीस बंदराला नेमाने येत होती. येणे अशक्य मुळीच नव्हते. थोमाच्या कथेतला राजा गुंदफर दंतकथेतलाच समजला जायचा. त्याची नाणी सापडली, शिलालेख सापडला. बर्थलमयाचा धागा तर आपल्या कल्याणपर्यंत ओढला जातो. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो की आलेक्सांद्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पंतैनस 'इंडिया'त गेला तेव्हा बर्थलमयाने मागे ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तिथे मिळाले. काही अभ्यासक ती जागा कल्याण मानतात, काही म्हणतात की हे 'इंडिया' म्हणजे अरबस्तान. सहाव्या शतकात मात्र कॉस्मास हा प्रवासी व्यापारी कल्याण बंदरात बिशप असल्याचे नोंदवतो, एवढे खरे.

पण शक्य असणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे. थोमाची कथा लिहिली गेली ती तिसऱ्या शतकात, एदेसाच्या परिसरात. मरणाचे म्हणाल तर जब्दीच्या याकोबाचा वध 'कृत्यां'त आहे; येशूचा भाऊ याकोब, जो बारांमधला नव्हता, त्याला 62 साली दगडांनी मारल्याचे योसेफस हा यहूदी इतिहासकार सांगतो; पेत्राच्या हौतात्म्याचा उल्लेख पहिल्या शतकाअखेरच्या, रोमच्या क्लेमेंतच्या पत्रात आहे. बाकीच्यांच्या हातांतली हत्यारे फार नंतर आली. 'खोट्यासाठी बारा जण कसे मरतील?' हा व्यासपीठांवरचा लाडका सवाल म्हणूनच जपून वापरावा. आणि या वीरगाथेने एक अन्यायही केला आहे. दिमिष्कात, म्हणजे दमास्कसला, पौलाच्या आधी शिष्य होते. तिथे कोण गेले होते? पौलाने 57 च्या सुमारास रोमकरांना पत्र लिहिले तेव्हा तिथली मंडळी आधीच उभी होती. ती कुणी उभारली? आलेक्सांद्रियाचे काय? जिथे नाव सापडत नाही तिथे आपण मागाहून एकेका प्रेषिताचे नाव चिकटवले, आणि ज्या व्यापाऱ्यांनी, गुलामांनी, तंबू शिवणाऱ्या अक्विल्ला-प्रिस्किल्लासारख्या जोडप्यांनी हे काम केले त्यांना पुसून टाकले.

इथे कुणी म्हणेल, तुमचा सगळा डोलारा लुकावर उभा आहे, आणि लूक तर गोड चित्र रंगवणारा लेखक. मान्य. त्याने बहुधा 80-90 च्या सुमारास लिहिले, भांडणे सौम्य केली, अंत्युखियातले पेत्र-पौलाचे मोठे भांडण तर गाळलेच. पण जो लेखक प्रेषितांना उजळवायला बसला आहे, त्याच्याच लेखणीतून ते पुन्हा पुन्हा मागून येताना दिसतात, याचा अर्थ काय? त्याला ते पुढे दाखवता आले असते तर त्याने दाखवले नसते का?

पेत्राचेच पाहा. तो यापोला उतरला होता तो शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी. घर समुद्राकडेला, कारण हा धंदाच गावाबाहेर, पाण्याजवळ ढकललेला. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध, म्हणून धर्मशास्त्र या धंद्याला नाक मुरडायचे. दुपारची वेळ, खाली स्वयंपाक चाललेला, पेत्र गच्चीवर प्रार्थनेला गेलेला आणि भुकेला. त्याला दृष्टान्त होतो: आकाशातून चादरीसारखे काही उतरते, त्यात शुद्ध-अशुद्ध सगळी जनावरे, आणि आवाज येतो, मारून खा. पेत्र म्हणतो, छे, मी कधीही निषिद्ध खाल्लेले नाही. खाली चामडी भिजत पडलेल्या घराच्या गच्चीवरून हा माणूस सोवळे सांगतो आहे! तीनदा सांगावे लागते. मग तो कैसरियाला रोमन शताधिपती कर्नेल्याच्या घरी जातो, आणि परत आल्यावर यरुशलेमचे लोक त्याच्यावर काय आरोप ठेवतात? धर्म शिकवलास म्हणून नव्हे. सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन जेवलास म्हणून.

जेवण हाच खरा मुद्दा होता, आणि महाराष्ट्राच्या वाचकाला तो समजावून सांगायची गरज नसावी. ज्या समाजाने सहभोजनांवरून बहिष्कार पाहिले आहेत, त्याला पंगतीची ताकद ठाऊक आहे. अंत्युखियात पेत्र विदेशी बांधवांबरोबर एका पंगतीला बसत होता. यरुशलेमहून, येशूचा भाऊ याकोब याच्याकडून, काही माणसे आली, तसा तो हळूच वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बर्णबाही. पौलाने सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सुनावले. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. पौल बरोबर होता, पेत्र चुकला होता, यात मला शंका नाही. हा प्रसंग यरुशलेमच्या बैठकीआधीचा की नंतरचा, यावर अभ्यासक भांडतात. पण 49 च्या सुमारास भरलेल्या त्या बैठकीत जो माणूस उभा राहून म्हणतो की जे जू आपल्या वाडवडिलांना पेलले नाही, आपल्याला पेलले नाही, ते या लोकांच्या मानेवर का ठेवता, तो हाच पेत्र आहे. याकोबाने निवाडा दिला: सुंतेची सक्ती नाही, मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्याचे मांस आणि व्यभिचार एवढे टाळा. ज्यांना मंदिर प्रिय होते, ज्यांची स्वतःची सुंता झालेली होती, ज्यांच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन होते, त्यांनी आपल्यासारखे नसलेल्यांना आपल्यासारखे न होता आत येऊ दिले. इतिहासात पहिल्या पिढीच्या किती अनुयायांना हे जमले आहे? अवघ्या वीसेक वर्षांनी, 70 साली, ते मंदिर जळाले. सगळे काही यरुशलेमच्या दावणीला बांधून ठेवले असते तर काय उरले असते?

गुरू दृष्टीआड झाल्यावर काय करायचे, हा पेच एकट्या ख्रिस्ती मंडळीचा नाही. चक्रधर स्वामी उत्तरापंथे गेले तेव्हा रिद्धपुरात नागदेवाचार्यांभोवती जमलेल्यांपुढेही तोच होता. म्हाइंभटांनी काय केले? स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून, विचारून, ताडून एकेक लीळा जमवली. नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहायला निघालेल्या केशोबासांना अडवले, सामान्य परिवार वंचित राहील म्हणून. महानुभाव पंथ उभा राहिला तो या राखणीवर. फरकही आहेच: तिथे आठवणी लगेच कागदावर आल्या, यरुशलेमात थांबलेल्या कोळ्यांनी त्या अनेक वर्षे तोंडी वागवल्या. पण काम तेच, आणि त्याला कमी लेखणारा माणूस आठवण किती लवकर विरते हे विसरतो.

प्रेषितांच्या बाजूने बोलताना एका ठिकाणी माझी जीभ अडखळते. साक्ष हीच कसोटी होती, तर मग मग्दालीया मरीयेचे काय? योहानाच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेजवळ पुनरुत्थित येशू पहिल्यांदा दिसतो तो तिला, आणि तोच तिला निरोप देऊन शिष्यांकडे पाठवतो. पाठवलेली, म्हणजे शब्दशः प्रेषित. तरी मत्थियाच्या निवडीत पेत्राची अट पुरुषांपुरती आहे. ही त्यांची चूक होती असेच मी म्हणेन. 'काळच तसा होता' ही पळवाट मला पुरत नाही, कारण त्याच काळात पौल रोमकरांच्या पत्रात युनिया या स्त्रीचे नाव प्रेषितांमध्ये नामांकित म्हणून घेतो. चौथ्या शतकात क्रिसोस्तोम या नामांकित धर्मोपदेशकाला ती स्त्री असल्याचे ठाऊक होते आणि त्याने तिची वाखाणणी केली. पुढे मात्र तिचा पुरुष करून टाकण्यात आला. मरीयेचा स्मृतिदिन रोमने इतर प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला तो 2016 साली.

हळूहळू 'प्रेषित' हा शिक्का झाला. दुसऱ्या शतकाअखेर इरेनियस हा बिशप रोमच्या बिशपांची यादी थेट पेत्र-पौलांपर्यंत नेऊन दाखवतो, आणि त्याचे विरोधकही थोमाच्या, फिलिप्पाच्या नावाने शुभवर्तमाने पुढे करतात. पण त्याआधीचा एक छोटा ग्रंथ, 'दिदाखे', 1873 साली कॉन्स्टँटिनोपलला हस्तलिखितात सापडला. त्यात फिरत्या प्रेषितांबद्दल नियम आहेत. आला तर प्रभूसारखे स्वागत करा. एक दिवस ठेवून घ्या, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीखेरीज काही घेऊ नये. पैसे मागितले तर तो खोटा. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, हे आपल्या आज्ज्या सांगायच्या तेच! ज्या लोकांना हा नियम करावा लागला त्यांच्याकडे प्रेषित म्हणवणारे किती येत असतील, आणि त्यांना घरात घेऊन, पारखून, भाकरी बांधून देणाऱ्या बाया किती असतील, याचा अंदाज बांधावा.

चहाच्या टेबलावर मी त्या दोघांना 'कृत्यां'चा शेवटचा अध्याय उघडून दाखवला. पौल कैदी म्हणून जहाजातून पुत्युलास उतरतो. इटलीत तो पहिल्यांदाच येतो आहे, पेत्र कधी तिकडे गेल्याचे लूक सांगत नाही. आणि लूक सहज लिहितो, तिथे आम्हांला बंधू भेटले, त्यांच्या विनंतीवरून आम्ही सात दिवस राहिलो. मग रोमची मंडळी त्याला सामोरी येते, काही अप्पियाच्या पेठेपर्यंत, काही तीन उतारशाळांपर्यंत. त्यांना पाहून पौलाला धीर आला, असे तिथे लिहिले आहे. त्या गृहस्थांनी पान पुन्हा वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "यांची नावं कुठे दिली आहेत?"

दिलेली नाहीत.